पाव्हणं येणार, तिकिटाचं काय?

गटाच्या बैठकीत बचत गोळा झाली, इतिवृत्तावर सह्या झाल्या, की मग खरी बोलणी सुरू होतात. दसरा-दिवाळी जवळ आली की त्या बोलण्यात एक विषय हमखास निघतो. "मुंबईची नणंद पोरांना घेऊन येणार म्हणते, ट्रॅव्हल्सवाला माणशी दोन हजार सांगतोय." "पुण्याचा भाऊ भाऊबीजेला यायचा म्हणतो, पण रेल्वेचं वेटिंग दाखवतंय." "आईला आणायचंय, पण आणायचं कसं?" आम्ही गटांचं काम बघणाऱ्या बाया. तिकिटं काढून देणं आमच्या कामात बसत नाही. पण हा प्रश्न इतक्या जणींनी विचारला की आम्ही एसटीच्या आगारात आणि रेल्वेच्या खिडकीवर जाऊन नीट समजून घेतलं. तेच आज तुमच्यापुढं मांडतो.

पहिली गोष्ट. "स्वस्त काय, एसटी का रेल्वे?" असं आपण विचारतो. हा प्रश्न असा विचारला की उत्तर चुकतं. आधी विचारायचं ते हे, की येणार कोण कोण आणि कुणाचं वय किती? एकट्या तरण्या पोराला जे स्वस्त, ते म्हातारा-म्हातारी आणि लेकरं असलेल्या घराला स्वस्त असेलच असं नाही. म्हणून फोनवर पाव्हण्यांशी बोलताना सगळ्यांची वयं विचारून घ्या. बायका वय सांगायला का-कू करतात, पण इथं वय म्हणजे पैसे आहेत.

आता एसटीचं बघू. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बाईमाणसाला निम्मं तिकीट आहे. साधी बस असो, निमआराम असो, शिवशाही असो, सगळ्या गाड्यांना. त्याला फॉर्म नाही, कार्ड नाही. हे बहुतेकींना माहीत आहे. पण निम्मं म्हणजे अगदी काटेकोर निम्मं नसतं. भाडं निम्मं होतं, त्यावर अपघात सहायता निधीचा रुपया असतो, आणि गाडी वातानुकूलित असेल तर जीएसटी लागतो. आगाऊ आरक्षण केलं तर त्याचा आकार वेगळा. त्यामुळं कंडक्टरनं चार-सहा रुपये जास्त घेतले म्हणून त्याच्याशी भांडू नका.

घरातल्या वडीलधाऱ्यांचं काय? ६५ ते ७५ वयाच्या माणसांना, पुरुष असो वा बाई, निम्मं तिकीट. आणि ७५ च्या पुढं फुकट. ही अमृत ज्येष्ठ नागरिक योजना ऑगस्ट २०२२ पासून आहे. याला मात्र वयाचा पुरावा लागतो, आधार कार्ड चालतं. आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांची एक गंमत आहे. खरं वय ऐंशी आणि आधारावर बहात्तर! जन्मतारीख कुणी नीट लिहून ठेवलेली नव्हती, कार्ड काढताना पोरानं अंदाजानं सांगितली. कंडक्टर कार्डावरचंच वय धरणार, तो तरी काय करील? तेव्हा निघायच्या आधी आजीच्या आधारावर काय लिहिलंय ते एकदा बघून घ्या, आणि कार्ड तिच्या पिशवीत घाला. ट्रंकेत कुलपात ठेवलेल्या कार्डाचा उपयोग नाही. ५ ते १२ वयाच्या लेकरांना निम्मं, त्याखाली तिकीट नाही. दिव्यांग माणसाला ७५ टक्के सवलत आहे, पण त्याचं ओळखपत्र सोबत पाहिजे.

राहिला तो ज्याला कसलीच सवलत नाही, म्हणजे धडधाकट पुरुष. त्यालाही एक सोय झालीय. जुलै २०२५ पासून १५० किलोमीटरच्या पुढचा प्रवास असेल आणि आगाऊ आरक्षण केलं, तर पूर्ण तिकिटावर १५ टक्के सूट. गर्दीच्या सणासुदीच्या दिवसांत ही सूट नसते, म्हणून ऐन दिवाळीला तिच्यावर भरवसा ठेवू नका. आणि ज्याला आधीच निम्मं तिकीट आहे त्याला वर ही सूट मिळत नाही.

ही सगळी सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. आपल्याकडं याचा घोळ फार होतो, कारण कागल ओलांडून कोगनोळीकडं निघालं की कर्नाटक लागतं. निपाणी, चिकोडी, बेळगाव इकडं आपल्या निम्म्या लेकी दिलेल्या. आपल्या एसटीनं निपाणीला जाताना हद्दीपर्यंत निम्मं आणि पुढं पूर्ण, असा हिशेब होतो. उलट तिकडच्या लेकींना कर्नाटकात जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेत त्यांच्या राज्यात साध्या सरकारी बसनं फुकट फिरता येतं, पण ते तिथल्या रहिवासी बायकांना. त्यामुळं निपाणीची भाची येताना तिला पडणारा खर्च आणि आपण तिला भेटायला जाताना आपला खर्च सारखा नसतो. कोल्हापूर शहरात फिरणारी केएमटी महापालिकेची आहे, एसटी नव्हे, तेव्हा तिच्यात एसटीची योजना सांगत बसू नका.

आता रेल्वे. एक मोठा गैरसमज आधी काढून टाकू. रेल्वेत पूर्वी ५८ वर्षांच्या पुढच्या बायकांना निम्मं आणि ६० च्या पुढच्या पुरुषांना ४० टक्के सवलत होती. कोरोनाच्या वेळी मार्च २०२० मध्ये ती बंद झाली, ती अजून सुरू झालेली नाही. "आमच्या आत्याला रेल्वेत निम्मं लागतं" असं अजून कितीतरी जणी म्हणतात, ते जुनं झालं. लेकरांचंही बदललंय. ५ ते १२ वयाच्या पोराला वेगळी झोपायची जागा नको असेल तरच निम्मं, जागा घेतली की पूर्ण भाडं. ५ वर्षांखालच्याला जागा न घेता तिकीट नाही.

मग रेल्वेत राहिलं काय? राहिलं ते हे, की रेल्वेचं मूळ भाडंच एसटीपेक्षा बरंच कमी आहे. आता एक हिशेब करू. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल धरलेत. हल्लीचं नेमकं भाडं खिडकीवर विचारायचं. समजा पुण्याहून पाच माणसं येणार. मावशी ५८ ची, काका ६७ चे, आजी ७८ ची, मुलगा ३० चा आणि नातू ८ वर्षांचा. एसटीचं पूर्ण तिकीट ४०० धरा, रेल्वेच्या स्लीपरचं २५० धरा. एसटीत मावशीचे २००, काकांचे २००, आजीचं शून्य, मुलाचे ४००, नातवाचे २००. झाले १०००. रेल्वेत चार मोठ्या माणसांचे १०००, आणि नातवाला मोठ्या माणसाजवळ झोपवलं तर त्याचे १२५. म्हणजे ११२५. बघा, माणशी तिकीट रेल्वेचं किती स्वस्त, तरी सगळ्या घराची बेरीज एसटीची कमी आली. पण येणारा एकटा ३० चा मुलगा असता तर? एसटीत ४००, रेल्वेत २५०. म्हणून म्हटलं, आधी वयं विचारा.

नुसत्या पैशावरही जाऊ नका. पुण्याहून कोल्हापूर रस्त्यानं साधारण २३० किलोमीटर आहे आणि रेल्वेनं ३२६, कारण रेल्वे सातारा, कराड, सांगली, मिरज असा वळसा घेऊन येते. वेळ जास्त लागतो. पण आडवं होता येतं, संडास असतो. ज्या बाईला साखरेचा त्रास आहे, दर तासाला जावं लागतं, तिच्यासाठी शंभर रुपये वाचवून पाच-सहा तास बसमध्ये कळ काढणं म्हणजे काही खरं नाही. हे आपल्या बायका बोलून दाखवत नाहीत. पाणी न पिता प्रवास करतात आणि घरी येऊन आजारी पडतात. तेव्हा तुम्हीच विचारा.

मागच्या दिवाळीआधी आमच्या एका गटात अंतर्गत कर्जाचा अर्ज आला. रक्कम ४००० रुपये, कारण लिहिलेलं, 'आईला आणणे'. आई ७६ वर्षांची, नाशिकला भावाकडं. तीन वर्षं लेकीकडं आलेली नव्हती. दर वर्षी ठरायचं आणि तिकिटाच्या आकड्यावर मोडायचं. भावानं खासगी बसचे जाण्यायेण्याचे दर विचारले होते, दिवाळीचे, आणि त्यावरून ४००० चा अंदाज काढला होता. अध्यक्ष ताईंनी अर्ज बाजूला ठेवला आणि सगळ्यांनी मिळून हिशेब मांडला. आईला एसटी फुकट. भावाचं एकट्याचं तेवढं पूर्ण तिकीट, जाऊन येऊन दीड हजाराच्या आसपास. अडचण पैशाची नव्हतीच, अडचण म्हातारीच्या कंबरेची होती. नाशिक ते कोल्हापूर एका बैठकीत तिला झेपणार नव्हतं. मग एक जण म्हणाली, "पुण्यात तुझी चुलत बहीण नाही का? तिथं एक रात्र मुक्काम करू दे की." तसंच केलं. आई आली, पंधरा दिवस राहिली. ४००० चं कर्ज घ्यावं लागलं नाही. शेकडा दोन रुपयांनी त्याचं व्याज दिवाळी संपल्यावर कितीतरी महिने फेडत बसावं लागलं असतं.

दूरच्या पाव्हण्यांना मात्र रेल्वेसारखं काही नाही. मुंबईहून रात्रीची महालक्ष्मी आणि दिवसाची कोयना, या तर आपल्या घरच्याच. विदर्भातून महाराष्ट्र एक्सप्रेस आहे, गोंदियाहून निघते, नागपूर, वर्धा, अकोला, जळगाव, मनमाड, पुणे करत कोल्हापूरला येते. एकाच राज्यात तेराशे किलोमीटरवर धावणारी गाडी. तिरुपतीकडून हरिप्रिया येते. पुण्याहून सप्टेंबर २०२४ पासून आठवड्यातून तीन दिवस वंदे भारतही आहे, पण तिचं भाडं जास्त, ती आपल्या आजच्या विषयात बसत नाही. लांबच्या रेल्वे प्रवासात एक लक्षात ठेवा. रेल्वेचं भाडं अंतर वाढेल तसं दर किलोमीटरला कमी कमी होत जातं. त्यामुळं नागपूर ते पुणे एक तिकीट आणि पुणे ते कोल्हापूर दुसरं, असे तुकडे केले तर महाग पडतं. एकच सरळ तिकीट काढायचं. एसटीचं तसं नाही, तिथं ६ किलोमीटरच्या टप्प्यावर भाडं चालतं.

उतरायचं कुठं, यावरही पैसे वाचतात. याचा विचार फार कमी जणी करतात. सगळे "कोल्हापूरचं तिकीट काढ" म्हणतात. पण तुमचं गाव कुठं आहे? इचलकरंजीकडं जायचं तर हातकणंगले स्टेशन जवळ. शिरोळ तालुक्यात जायचं तर जयसिंगपूर किंवा मिरज. चंदगडच्या पाव्हण्यांनी कोल्हापुरात उतरून परत शंभर किलोमीटरवर एसटीनं जायचं कशाला? चंदगडला बेळगाव कितीतरी जवळ, तिथं उतरा. कोकणातून येणाऱ्यांना कोल्हापूरपर्यंत रेल्वेच नाही. ते कोकण रेल्वेनं वैभववाडीला उतरले की गगनबावडा घाटानं वर येतात. आणि मिरज म्हणजे तर मोठं जंक्शन. दिल्ली, गोवा, बंगळूर या बाजूंच्या ज्या गाड्या कोल्हापूरला येत नाहीत, त्या मिरजेला थांबतात. खानापूर, आटपाडीकडची सोनं-चांदी गाळणारी गलाई मंडळी देशभर पसरलीत, त्यांच्या घरच्या बायकांना विचारा, त्यांना मिरजेचं वेळापत्रक तोंडपाठ असतं. मिरजेहून कोल्हापूर ४७ किलोमीटर, लोकल पॅसेंजरनं थोडक्यात भागतं. १८९१ साली संस्थानानं मिरजेपासून कोल्हापूरपर्यंत रूळ आणले, तेव्हापासून कोल्हापूर हे शेवटचंच स्टेशन आहे. एकट्या येणाऱ्या म्हातारीला यात एक सुख आहे. गाडीत झोप लागली तरी ती पुढं जात नाही!

उतरायची वेळही बघा. महालक्ष्मी सकाळी पोचते. मध्यवर्ती बसस्थानक स्टेशनपासून जवळ आहे, तिथून राधानगरी, गगनबावडा, आजरा, गारगोटी, कुठलीही एसटी मिळते. कोयना मुंबईहून सकाळी सुटते आणि इथं अंधार पडल्यावर येते. तोवर आडगावच्या मुक्कामाच्या गाड्या गेलेल्या असतात. मग रिक्षा नाहीतर वडाप. रेल्वेत वाचवलेले दोनशे रुपये स्टेशनच्या बाहेर पाचशेनं जातात. आम्ही तर म्हणू, तिकीट काढायच्या आधी आपल्या गावच्या शेवटच्या एसटीची वेळ विचारा आणि मग गाडी ठरवा.

आता आरक्षण. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० दिवस होतं. म्हणजे १० नोव्हेंबरला निघायचं असेल तर ११ सप्टेंबरला सकाळी ८ वाजता. सणाच्या गाड्या पहिल्या काही मिनिटांत भरतात, म्हणून तो दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर आत्ताच खूण करून ठेवा. ऑनलाइन काढताना आरक्षण उघडण्याचा पहिला दिवस फक्त आधार जोडलेल्या खात्यांना असतो. तेव्हा घरातल्या कुणाच्या खात्याला आधार जोडून घेतलेलं बरं. तारीख घालताना एक खाचखळगा आहे. महालक्ष्मी मुंबईहून संध्याकाळनंतर निघते आणि पुण्यात मध्यरात्रीच्या आसपास पोचते. रात्री बारा वाजून गेले की तारीख बदलते. 'शनिवारी रात्री' म्हणजे तिकिटावर रविवारची तारीख असू शकते. पुण्याच्या माणसाचं तिकीट काढताना त्या स्टेशनवर गाडी किती वाजता आहे ते बघूनच तारीख टाका.

तिकीट खिडकीवर काढा किंवा मोबाइलवर काढा. खिडकीवर जादा काही लागत नाही, फक्त रांग. मोबाइलवर साध्या डब्याच्या तिकिटाला यूपीआयनं पैसे भरले तर १० रुपये आणि वर जीएसटी लागतो, कार्डानं भरले तर त्याच्या दीडपट. खेड्यातून स्टेशनपर्यंत जाण्यायेण्याचं भाडं धरलं तर हे दहा रुपये स्वस्तच की.

आजी-आजोबांना खालचा बर्थ मिळावा म्हणून रेल्वेत वेगळा कोटा असतो. ४५ वर्षांच्या पुढच्या बायका आणि ६० च्या पुढचे पुरुष त्यात येतात. पण पाच जणांचं सगळं घर एकाच तिकिटात कोंबलं तर तो कोटा लागत नाही. म्हातारा-म्हातारीचं तिकीट वेगळं काढा, बाकीच्यांचं वेगळं. एकट्या येणाऱ्या बाईसाठी लांबच्या गाड्यांत लेडीज कोटाही आहे, त्याला वयाची अट नाही. साधा कोटा संपलेला दिसला की खिडकीवर विचारा, "लेडीजमध्ये आहे का?" न विचारता कुणी सांगत नाही.

'वेटिंग' आणि 'आरएसी' यात पुष्कळजणींचा गोंधळ होतो. आरएसी म्हणजे गाडीत चढता येतं, एका बाकड्यावर दोघांनी बसायचं, जागा रिकामी झाली तर झोपायला मिळतं. वेटिंग म्हणजे आरक्षित डब्यात जागा नाही, आणि तसं चढूही देत नाहीत. ऑनलाइन काढलेलं तिकीट शेवटपर्यंत वेटिंगच राहिलं तर आपोआप रद्द होतं, पैसे खात्यावर परत येतात. खिडकीवरचं मात्र जाऊन रद्द करावं लागतं, नाहीतर पैसे गेले. ६० वर्षांच्या आईला वेटिंगच्या तिकिटावर 'चढ, बघू काय होतं ते' म्हणून पाठवू नका. चौकशीला १३९ हा रेल्वेचा नंबर आहे, तिकिटावरचा दहा आकडी पीएनआर सांगितला की स्थिती कळते. प्रवासात काही त्रास झाला तरी हाच नंबर.

तत्काळ हा शेवटचा उपाय. निघायच्या आदल्या दिवशी उघडतो, एसी डब्यांचा १० वाजता, साध्या डब्यांचा ११ वाजता. स्लीपरला १०० ते २०० रुपये जास्त पडतात. जागा पक्की झाली आणि मग बेत रद्द झाला, तर पैसे परत नाहीत. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ आधार जोडलेल्या खात्यावरूनच निघतो. खिडकीवरही ओटीपी मागतात, म्हणून मोबाइल सोबत पाहिजे. सणासुदीला विशेष गाड्या सुटतात, त्यांचा नंबर शून्यानं सुरू होतो. त्यात जागा असते, पण भाडं बहुधा जास्त असतं. ते बघून घ्या.

आणि ज्यांना आरक्षण नको, जनरलनं यायचंय, त्यांचंही ऐका. २०० किलोमीटरच्या आतलं जनरल तिकीट काढलं की ३ तासांत प्रवास सुरू करावा लागतो. सकाळी बाजाराला आलेली सून संध्याकाळच्या गाडीचं तिकीट आत्ताच काढून ठेवते, मग टीसी दंड मागतो. २०० किलोमीटरच्या पुढचं मात्र तीन दिवस आधी काढता येतं.

कर्करोगाच्या आणि इतर काही मोठ्या आजारांच्या रुग्णांना, आणि सोबत जाणाऱ्या एका माणसाला, रेल्वेत अजून सवलत आहे. दवाखान्याचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. मुंबईला उपचाराला जाणारी किंवा तिकडून परत येणारी माणसं आपल्याकडं कमी नाहीत, आणि या दाखल्याबद्दल त्यांना कुणी सांगत नाही. दवाखान्यातल्या समाजसेवा विभागात मागायचा.

आता फसवणुकीचं. गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका बाईनं पाव्हण्यासाठी ओळखीच्या पोराकडून तिकीट घेतलं. पोरानं वर ३०० रुपये घेतले. टीसीनं बघितलं तर ते कुणाच्या तरी घरगुती खात्यावरून काढलेलं. नियम असा आहे. आपल्या खात्यावरून आपण नातेवाइकाचं, मैत्रिणीचं तिकीट काढलेलं चालतं. आधार न जोडलेल्या खात्यावर महिन्याला १२, जोडलेल्यावर २४ तिकिटं निघतात. पण तशी तिकिटं काढून नफ्यानं विकली तर रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली गुन्हा होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्या दोन गटांनी विचारलं होतं, "पोरीच्या मोबाइलवरून तिकिटं काढायचा धंदा करू का?" धंदा करायचा तर अधिकृत एजंट व्हा, कितीतरी सेवा केंद्रं तसं काम करतात. नुसत्या मोबाइलवर नको. आणि घेणारीनंही तिकिटावरचं नाव, वय, तारीख तिथंच वाचून घ्यावी. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्यावी.

खासगी ट्रॅव्हल्स वाईटच असं आम्ही म्हणत नाही. रात्री झोपून येता येतं, गाव हमरस्त्यावर असेल तर दारात उतरता येतं. पण त्यांच्या भाड्यालाही मर्यादा आहे, हे किती जणींना ठाऊक आहे? २०१८ च्या शासन निर्णयानुसार, त्याच प्रकारच्या एसटी गाडीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. म्हणजे तशा एसटीचं भाडं ६०० असेल तर खासगीवाल्यानं ९०० च्या वर जायचं नाही. तुलना मात्र त्याच दर्जाच्या गाडीशी करायची, साध्या लाल गाडीशी स्लीपर कोचची नाही. जास्त घेतले तर तिकीट किंवा मोबाइलवरचा मेसेज जपून ठेवा आणि आरटीओकडं लेखी तक्रार द्या. गटाच्या लेटरहेडवर दिली तर आणखी बरं.

पाव्हणा इथं आल्यावर ज्योतिबा, नरसोबाची वाडी, पन्हाळा, पुढं पंढरपूर असं फिरणार असेल, तर एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास विचारा. ४ दिवसांचा आणि ७ दिवसांचा असतो. पण ज्या बाईला आधीच निम्मं तिकीट आहे तिला तो परवडतोच असं नाही, आधी बेरीज करा. रोज लांब फिरणाऱ्या पुरुष पाव्हण्याला तो कामाचा.

शेवटी परतीचं. येण्याचं तिकीट सगळे काढतात, जाण्याचं 'बघू नंतर' म्हणून सोडतात. भाऊबीज झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळं कोल्हापूर स्टेशनवर आणि सीबीएसवर असतं. येण्याचं काढाल त्याच आठवड्यात परतीचंही काढा, आणि शाळेची घाई नसेल तर रविवार सोडून मंगळवार-बुधवार धरा. नणंदेला विचारायला संकोच वाटतो, "तुम्ही जाणार कधी?" असं कसं विचारायचं म्हणून. तर असं विचारा, "वन्स, परतीचं तिकीट कुठल्या तारखेचं काढू?"